कोमट तेल

मालिशवाल्या द्वारकाबाईंनी पाय पसरले आणि तान्ह्या ईशानला त्यांवर पालथं घेतलं.

“काकू, कुशींना तेल नको हं,” त्याची आई शाल्मली आतून म्हणाली. “तिथल्या भोकांतूनच श्वास घेतो तो, नाकतोड्यासारखा.”

“मला नको शिकवूस. आता सगळीच पोरं तशी जन्मतात.”

भोकं चुकवून त्यांनी पाठ चोळली. पण कोमट तेल त्यांच्या नकळत ओघळून दोन्ही कुशींत उतरलं. बाळानं दोनदा पाय झाडले, मग ते शांत झालं. मालिशीनं पोर गुंगतंच.

बाईंनी सवयीनं त्याच्या नाकाशी बोट धरलं. श्वास लागेना. मग आठवलं आणि त्या स्वतःशीच हसल्या. नाकानं कुठे घेतात ही पोरं!

“गाढ झोपलाय गं,” म्हणत त्यांनी त्याला दुपट्यात घट्ट गुंडाळलं.