दोन ते आठ अंश

घरच्या फ्रिजमधल्या, आईच्या औषधाच्या सिरिंजमध्ये मिलिलिटरमागे अकरा हजार दोनशे कण होते. त्याच बॅचच्या, कारखान्यात राखून ठेवलेल्या सिरिंजमध्ये एकशे चाळीस. तिने दोन्ही तीन-तीनदा मोजल्या. आकडे हलले नाहीत.

मोजणं हेच तिचं काम होतं, त्याच कारखान्याच्या तपासणी विभागात. हे औषध म्हणजे प्रथिन, दोन ते आठ अंशांत जपायचं. ते तापलं, जोरात हललं किंवा गोठलं, की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या, म्हणजे हेच कण, होतात. शरीराला त्या शत्रू वाटतात आणि ते औषधावरच उलटतं. आईचं तसंच झालं होतं. दीड वर्ष तिच्या संधिवातावर औषध लागू पडलं, बोटं सरळ झाली, शिवणयंत्र पुन्हा सुरू झालं. मग बोटं परत सुजली. रक्तात औषधाविरुद्धच प्रतिपिंडं सापडली. आता पुढच्या आठवड्यात दुसरं औषध सुरू होणार होतं. तेही याच जातीचं, आणि हे वाया गेलं तर तिसरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

चूक त्याआधी सापडायला हवी होती. बॅच स्वच्छ होती, म्हणजे चूक घरात होती. आणि घरात इंजेक्शन बाबा द्यायचे.

बाबांनी आयुष्यभर बस चालवली. खोकल्याचं औषध असो की शाई, कुठलीही बाटली ते खळाखळा हलवल्याशिवाय उघडत नसत. तिने त्यांची उलटतपासणी मांडली. फ्रिजचं दार किती वेळ उघडं असतं, वीज गेली तर काय करता, सिरिंज कशी धरता. बाबांनी आधी हसून उत्तरं दिली, मग नुसती दिली, मग वर्तमानपत्र उघडलं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी नको देऊस," आई म्हणाली. "तान्ह्या बाळासारखी धरतात ते ती सुई."

"मग गुठळ्या काय हवेतून आल्या?"

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "शास्त्रज्ञबाई, आमच्या डेपोत अपघात झाला की आधी गाडी तपासायचे, मग रस्ता, मग ड्रायव्हर. तुम्ही रस्ता गाळलात."

ती धुसफुसत कामावर गेली आणि बटणाएवढी तीन तापमान-नोंदणी यंत्रं घेऊन आली. एक फ्रिजच्या दारात लावलं, एक मधल्या फळीवर. तिसरं औषध आणायच्या पिशवीत, निव्वळ बाबांचं तोंड बंद व्हावं म्हणून. रस्त्याबद्दल तिला शंका नव्हतीच. कारखान्यातून औषध ती स्वतः आणायची. डीप फ्रीझरमधून थेट काढलेल्या बर्फाच्या दोन थैल्या, मध्ये घट्ट दाबून बसवलेली सिरिंज, वरून टॉवेल. कारखान्याचे माल पाठवणारे थैल्या आधी अर्धा तास बाहेर ठेवत, मध्ये पुठ्ठा घालत. आईच्या औषधाला असली ढिलाई तिने कधी होऊ दिली नव्हती.

शुक्रवारी तिने जुन्या औषधाची एक सिरिंज नेहमीसारखीच घरी आणली. जेवणं झाल्यावर तिन्ही यंत्रं एकेक करून संगणकाला जोडली. बाबा चष्मा पुसत मागे येऊन उभे राहिले.

फ्रिजचं दार: किमान साडेचार अंश, कमाल साडेसात.

फळी: किमान चार, कमाल सहा.

पिशवी: किमान उणे सहा. शून्याखाली सलग एक तास दहा मिनिटं.