भुकेचं बटण

पिंडाजवळ बसूनही कावळा त्याला शिवत नव्हता.

“आईंचा जीव कशात तरी अडकलाय,” गुरुजी म्हणाले. “काय कबूल करायचं ते मोठ्याने बोला.”

कशात अडकलाय ते भावंडांना माहीत होतं. चाळिशीतली त्यांची बहीण छबी घाटाच्या पायरीवर बसून स्वतःशीच हसत होती. तिची वेणी आईच घालायची, घासही आईच भरवायची. आई गेल्यापासून छबी नीट जेवली नव्हती.

“दादा, बोल ना,” शर्मिष्ठा म्हणाली. “छबीला आपण दोघं आळीपाळीने सांभाळू. एवढंच.”

दादाने तिच्याकडे पाहिलंच नाही. “गुरुजी, उन्हात किती बसायचं? भूक लावा की त्या कावळ्याला.”

गुरुजींनी खिशातून छोटा रिमोट काढून बटण दाबलं. कावळ्याच्या मानेवर, पिसांखाली बसवलेली चकती क्षणभर हिरवी झाली. त्याने पिंडावर झडप घातली. सकाळपासून शिवलेल्या पिंडांनी त्याचा गळा फुगला होता. गिळलेला भात चोचीतून बाहेर पडत होता आणि तो पुन्हा तोच खात होता.

“शिवला!” दादाने हात जोडले. “बघ, आईची काही इच्छा राहिली नव्हती.”

“बटण दाबायला तू सांगितलंस.”

“पण शिवला ना? मग झालं तर!” मामा म्हणाले. “आता फाटे फोडू नकोस, पोरी.”

गाडीकडे जाताना दादा हळूच म्हणाला, “छबीसाठी आश्रम बघितलाय. जेवणाची कटकट नाही. तिथे सगळ्यांना वेळेवर भूक लागते.”

छबीचा हात धरून चाललेली शर्मिष्ठा थांबली. तिने छबीची वेणी बाजूला सारली आणि तिच्या उघड्या मानेवर आपला तळहात घट्ट ठेवला.