उघडा डबा

रविवारी दुपारी चार वाजता आसेनच्या मोटारसायकल शर्यतीत वीब्रेन पहिला आला. अर्ध्या तासात एका बड्या संघाचे मालक फोपमा पुढच्या वर्षाचा करार घेऊन त्याच्या मुक्कामाच्या गाडीत हजर झाले.

"वेळ न घेताच आलो रे, पोरा."

"बसा ना, साहेब."

वीब्रेनने कॉफी ओतली आणि बिस्किटांचा डबा पुढे केला. सतराव्या वर्षी तो यांच्याच घरी संधी मागायला गेला होता. फोपमांनी एक बिस्किट दिलं, झाकण लावलं आणि म्हणाले, "एवढ्या लंबूटांग पोरानं दुधाचा टँकर चालवावा." झाकण लागलं की पाहुण्यानं उठायचं, हे तिकडच्या डच घरांत शेंबड्या पोरालाही कळतं. तो उठला होता.

आज डबा उघडाच राहिला. फोपमांनी दुसरं बिस्किट उचललं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"टँकरचं मी गमतीनं म्हटलं होतं हं."

"माहीत आहे, साहेब. घ्या अजून. मी आलोच."

साडेसहाला वीब्रेनने फोपमांच्या प्रतिस्पर्धी संघाच्या करारावर सही केली. शेवटची खबर आली तेव्हा डबा उघडाच होता आणि फोपमा बसून होते.