तिसऱ्या रांगेतला खोकला

तो पुन्हा खोकला. नेमका गाणं वर चढायला लागल्यावर.

हेडबाईंनी मान वळवली. निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी ती मान वळली की अजून रस्त्यावरची पोरं सायकलवरून उतरायची. शेजारच्या खुर्चीतला माणूस मात्र ढिम्म. मांडीवर छत्री, हातात खोकल्याच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा आणि डोळे मंचावर खिळलेले.

गायिका थांबली. तिचा हात डाव्या कानातल्या डुलावर होता. वैतागली की ती डूल चाचपते, हे एव्हाना बाईंनी हेरलं होतं.

“असू दे, असू दे,” ती त्या माणसाकडे बघून हसली. “पाणी प्या. हे कडवं आपण पुन्हा घेऊ.”

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. काय तो मोठेपणा! आणि काय तो गाढव!

“बघितलंत वन्सं?” बाई पलीकडच्या नणंदेच्या कानात फुसफुसल्या. “माझी विद्यार्थिनी. आहे का कपाळावर एक आठी?”

“तुमच्या कपाळावर आहेत की सगळ्या,” वन्सं म्हणाल्या.

बाईंचा जीव टांगणीला लागला होता तो उगाच नाही. याच पोरीला पाचवीत असताना त्यांनी पाठीला हात लावून मंचावर ढकललं होतं. पुढे तिचं नाव झालं. मग तो ताप आला, मेंदूत गेला म्हणे, आणि वर्षभर ती कुठे दिसलीच नाही. गळा राहिलाय, पण गायिका संपली, असं लोक चहा पिता पिता म्हणू लागले. आज ती पहिल्यांदा गात होती. पुढच्या रांगेत वर्तमानपत्रवाला पेन उघडून बसला होता. ती कुठे अडखळते, एवढंच त्याला टिपायचं होतं. आज निभावलं तर ती उभी राहणार होती, नाहीतर कायमची घरी.

आणि अशा दिवशी हा खोकणारा!

नंतरच्या गाण्यात त्याने गोळ्यांचा डबा पाडला. खण्णकन आवाज झाला, गोळ्या पार मंचापर्यंत घरंगळल्या. गायिका थांबली, हसली, पुन्हा सुरू झाली. त्याच्या पुढच्या गाण्यात त्याचा फोन वाजला. तो उचलायचा की बंद करायचा, याचाही त्याला पत्ता नव्हता. वाजू दिला नुसता.

“तोंडावर बोट!” बाई कडाडल्या.

आजूबाजूच्या चार-पाच जणांनी मुकाट्याने तोंडावर बोट ठेवलं. त्यात एक टकलू डॉक्टरही होता.

शेवटच्या गाण्याआधी वाजवणारे वाद्यं जुळवू लागले. बाई उठल्या, तडक दारावरच्या रखवालदाराकडे गेल्या. तोही त्यांचाच विद्यार्थी.

“त्या छत्रीवाल्याला बाहेर काढ.”

“बाई, त्यांच्याकडे तिकीट आहे हो.”

“तुझ्याकडे सातवीत पुस्तक होतं. उपयोग झाला?”

रखवालदाराने निमूटपणे त्या माणसाचा दंड धरला. माणूस पांढराफटक पडला.

“बाई, नका हो असं करू. हवं तर मागे उभा राहतो. पण मला ती दिसली पाहिजे.”

“गाणं कानांनी ऐकतात. बाहेर बसूनही येईल ऐकू.”

“तुम्हाला कळत नाहीये...” तो पुढे काही बोलणार होता, पण वर्तमानपत्रवाल्याने मान वळवलेली दिसली आणि त्याने तोंड मिटलं. छत्री उचलली आणि गेला.

“जनावर गेलं,” बाई हुश्श करून टेकल्या.

गाणं सुरू झालं. काय लागला होता आवाज! ना खोकला, ना खडखडाट. सभागृह श्वास रोखून बसलं. दुसरं कडवं आलं आणि गायिकेचा हात डुलाकडे गेला. नजर तिसऱ्या रांगेत आली. रिकाम्या खुर्चीवर थांबली.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू उडालं.

वाजवणाऱ्यांनी तीच ओळ फिरवली. पुन्हा फिरवली. वर्तमानपत्रवाला सरसावून बसला. आता का थांबली ही? पाचवीतल्या त्या दिवशी केली होती तशीच बाईंनी नकळत हनुवटी वर केली: हं, म्हण!

गायिकेने डोळे मिटले. डुलावरचा हात खाली घेतला.

आणि ओळ आली. मग पुढची. मग सगळं कडवंच्या कडवं, अगदी शेवटपर्यंत. सभागृह उठून उभं राहिलं. वर्तमानपत्रवालासुद्धा पेन खिशात खोचून टाळ्या पिटत होता. वन्सं डोळे पुसत होत्या. बाई मात्र ताठ उभ्या, जणू निकाल शंभर टक्के लागलाय.

“एक घाण काढली तर बघा, कशी फुलली पोरगी!”

हे तिला सांगितल्याशिवाय घरी जातील त्या हेडबाई कसल्या! मंचामागच्या खोलीत गायिका पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बसली होती.

“बाई!” ती वाकायला उठली.

“बस, बस. तो खोकणारा होता ना, त्याला मीच हाकलला. गाण्याचा विचका करायला निघाला होता मेला.”

गायिकेने दाराकडे पाहिलं. “तुम्ही? कुठे... कुठेय तो?”

एवढ्यात दार उघडलं. रखवालदाराने छत्रीवाल्याची कॉलर पकडली होती. माणसाचे डोळे लाल होते, गाल ओले होते, आणि तो वेड्यासारखा हसत होता.

“बाई, हा ऐकतच नाही. म्हणतो आत सोडा.”

पेला तसाच टाकून गायिका धावली आणि त्या माणसाच्या गळ्यात पडली.

“अहो, ऐकलंत ना बाहेरून? शब्द विसरले, डूल चाचपला, बघते तर तुमची खुर्ची रिकामी! आणि तरी आठवले हो, माझे मलाच आठवले! आजपासून तुमचा खोकला बंद!”