उभी रेघ

त्याने जुना रिपोर्ट काउंटरवर आपटला तेव्हा पेनांचा डबा आडवा झाला.

"वाचा. मोठ्याने वाचा."

काउंटरवरच्या बाईंनी आधी पेनं गोळा केली. प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तो त्यांनी डोळ्यांवर चढवला.

"शौच तपासणी. लपलेलं रक्त आढळलं नाही."

"आणि हा परवाचा." त्याने दुसरा कागद सरकवला. "आतड्यात गाठ. कॅन्सरची. आठ महिन्यांपूर्वी कळलं असतं तर गाठ काढून मोकळे झालो असतो, असं डॉक्टर म्हणतात. आता ती यकृतापर्यंत पोचलीय. तुमच्या या चिटोऱ्यावर विसंबून आम्ही आठ महिने हातावर हात धरून बसलो."

"अरे, हळू बोल," मागच्या बाकावरून वडील म्हणाले. "लोक बघतायत."

"बघू देत, बाबा."

वडील मागे टेकून बसले. त्यांच्या शर्टाच्या कॉलरमध्ये आता आणखी एक मान मावली असती.

तो परवाना कचेरीत अर्ज तपासायचा. बावीस वर्षं. एक रकाना रिकामा दिसला की अर्ज परत. समोर म्हातारा असो की कडेवर पोर घेतलेली बाई, त्याने कधी कुणाची गय केली नव्हती. दुसऱ्याची हयगय त्याच्या डोक्यात जायची.

वडिलांसाठी त्याने काही कमी केलं नव्हतं. गेल्या वर्षी ते जिना चढताना धापा टाकायला लागले, त्याच आठवड्यात त्याने गोळ्या आणल्या. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन सी एकत्र, चघळायच्या, नारिंगी. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. डबी वडिलांच्या खिशातच ठेवायची, म्हणजे विसर नको. एक दिवस खंड पडू दिला नव्हता त्याने.

"तक्रारीचा अर्ज द्या," तो म्हणाला.

बाईंनी दिला. त्याने उभ्याउभ्याच भरला. यापूर्वी तक्रार केली होती का, नमुना हरवला होता का, रिपोर्ट उशिरा मिळाला का, कर्मचारी उद्धट बोलले का, असे सहा प्रश्न. सहा खुणा करत कोण बसणार? 'नाही'च्या रकान्यातून त्याने वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढली आणि सही ठोकली.

बाईंनी तोवर कपाटातून हिरवी फाईल काढली होती.

"आता माझं ऐका," त्या म्हणाल्या. "तीन दिवसांचे तीन नमुने मी स्वतः तपासलेत. चूक माझी निघाली तर उद्यापासून इथे दिसणार नाही. पण न बघता मी बोलणी ऐकून घेणार नाही."

"वा. चोराच्या तोंडून बरं वाटतं हे."

वडील काठी टेकत काउंटरपाशी आले. त्यांनी खिशातली डबी काढली, झाकण उघडून बाईंपुढे धरली.

"घ्या एक. रागावू नका त्याच्यावर. आंबटगोड आहे, तोंडाला चव येते."

बाईंनी गोळी घेतली नाही, डबी घेतली. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली.

"कधीपासून घेताय, आजोबा?"

"वर्ष झालं की. एक डबी संपायच्या आत दुसरी हजर. असा मुलगा मिळायला नशीब लागतं."

बाईंनी फाईल उघडली. पहिलं पान पाहिलं. मग मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

"चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "लिहून देते तसं."

दार ढकलायला जावं आणि ते उघडंच असावं, तसा तो अडखळला. मग आणखीच भडकला.

"आत्ता तर छाती पुढे काढत होतात. दाखवा ती फाईल."

"नको. कबूल केलं ना मी?"

"पुरावा दडपताय."

"मग आजोबांना बाहेर बसवून या. आपण दोघं बोलू."

"का म्हणून? आयुष्य त्यांचं गेलंय. कोणामुळे गेलं ते त्यांच्यासमोरच होऊ द्या."

"साहेब," बाई म्हणाल्या, "विनंती करते. मी सही देते, नोकरीही जाऊ दे. तुम्ही घरी जा."

त्याने त्यांच्या हाताखालून फाईल ओढली.

पहिल्याच पानावर तपासणीपूर्वी भरून घेतलेला अर्ज होता. खाली त्याचीच सही होती. त्याने बोट टेकवून वरून वाचायला सुरुवात केली, जशी तो कचेरीत करायचा. चौथ्या प्रश्नाशी बोट थांबलं.

"काय लिहिलंय रे?" वडील त्याच्या खांद्याशी वाकले. "माझा चष्मा घरी राहिला. मोठ्याने वाच."

'गेल्या तीन दिवसांत व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेतल्या आहेत का? घेतल्या असल्यास रक्त असूनही तपासणीत दिसत नाही. गोळ्या बंद करून नंतर यावे.' पुढे खूण नव्हती. 'नाही'च्या रकान्यातून वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ गेली होती.