कुणीतरी पडायला पाहिजे

"पडली! पडली!" शेषराव खुर्चीतून अर्धे उठले.

ओसरीवर जमलेलं निम्मं उंद्री गाव त्यांच्यासोबत उठलं. टीव्हीवर जॉर्जिया देशातल्या कुठल्याशा डोंगरगावी, पावसाच्या चिखलात, अकरा नंबरची बुटकी पोरगी पालथी पडली होती. पण ती लगेच उठली, गुडघा झटकला आणि पुन्हा पळायला लागली. लोक हळहळत खाली बसले.

"हात्तिच्या! उठली बी," शेषराव म्हणाले.

फुटबॉलमधल्या गोलशी उंद्रीकरांना काही देणंघेणं नव्हतं. कुणी जखमी झाल्याशिवाय डॉक्टर मैदानात येत नाही, आणि डॉक्टर मैदानात आल्याशिवाय शेषरावांची नात दिसणार नव्हती. काजल तिकडे डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला होती. "आज मोठी मॅच हाय, आबा. मी मैदानावरच असीन," असं तिनं सकाळी फोनवर सांगितलं होतं. डॉक्टरकी शिकणारी पोर मैदानावर कशाला असेल, हे सांगायला ज्योतिषी थोडाच लागतो! तिच्या बापानं, गोकुळनं, मॅच मोबाइलवर शोधून टीव्हीला जोडली. तिला मात्र कळवलं नाही. उगाच लाजली असती.

पंचाईत एवढीच होती, की तिकडे कॅमेरा एकच आणि तोही कुठल्याशा गच्चीवर. माणसं बोटभर दिसत.

शेजारचे हिंमतराव पहिल्या रांगेत पाय पसरून बसले होते. परदेशातली डॉक्टरकी नुसती नावाची असते, असं ते पारावर चारचौघांत बोलले होते. शेषरावांना ते फार झोंबलं होतं. आज काजल पेशंटला हात लावताना साऱ्या गावाला दिसली पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता.

"कुठी हाय तुही डाक्टरीन?" हिंमतरावांनी विचारलं.

"घोडं मैदान जवळच हाय. दम धर ना बे!"

तोवर लोक उठून जाऊ नयेत म्हणून शेषरावांनी त्या बुटकीच्या टीमचा इतिहास काढला. काजल दर रविवारी फोनवर तोच सांगायची.

"तिकडं आंधी लाल झेंड्याचं राज्य होतं. रेल्वेवाल्याईची टीम येगळी, पोलिसाईची येगळी, हरेक कारखान्याची येगळी. ही चहाच्या कारखान्याची. खेळाडू कामावर चहा भरणारे म्हणून लागत, पन चहाले हात लावत नव्हते. दिवसभर नुसता बॉल!"

"अन् पगार?"

"सरकारी! मंग राज्य मोडलं. कारखान्याले कुलूप लागलं. टीम घसरत घसरत पार खालच्या डिव्हिजनमंदी गेली, अन् एक दिवस गड्याईची टीम बंदच पडली. पन चहा तोडणाऱ्या बायाईनं नाव मरू देलं नाही. त्याइनं पोरी उतरवल्या. आता तिसऱ्या डिव्हिजनमंदी हायेत. आज जिंकल्या, तं दुसऱ्यात!"

"बायाईनं?" काजलची आई वंदना चहाचे कप घेऊन आली होती, ती तिथंच थबकली. सासऱ्यांसमोर ती एरवी बसत नसे. आज खांबाला टेकून खाली बसली.

आपल्या वडिलांचं हे कौतुक गोकुळला मात्र नवीन होतं. काजल बुलढाण्याच्या शाळेत चेंडूमागे पळायची, तेव्हा "पोरीच्या जातीनं चड्डी घालून नाचू नये" म्हणत याच आबांनी तिचे बूट विहिरीत फेकले होते. म्हणून तर पोर अभ्यासाला लागली, असं ते अजून छाती फुगवून सांगत.

एक-एक बरोबरी झाली. लाल कपड्यांतल्या उंच पोरींना कळून चुकलं होतं, की खरी डोकेदुखी ती बुटकीच आहे. ती चेंडूला शिवली रे शिवली, की कुणीतरी तिच्या पायात पाय घालायची. ओसरीला चेव चढला. साऱ्यांनी देव पाण्यात घातले होते.

"हिच्यावरच ध्यान ठेवा. हेच पडन," शेषरावांनी जाहीर केलं.

"पाड! पाड तिले!" पोरंसोरं ओरडायला लागली. सगळ्यांत मोठा आवाज शेषरावांचा.

वंदनानं देवघराकडे बघून हात जोडले. "जास्त नको, देवा. थोडंसंच लागू दे. माही पोरगी दिसली म्हंजे झालं."

"काऊन त्या बिचारीच्या मागं लागले बे?" हिंमतराव कळवळून म्हणाले. "तिलेबी मायबाप असतीन."

"असतीन ना! अन् इलाजाले माही नात हाय!"

बुटकी पडत होती, उठत होती. तिच्या अंगावर चिखलाशिवाय काही दिसेना. शेवटची मिनिटं उरली आणि ती चेंडू घेऊन सुटली. एकीला चकवलं, दुसरीला चकवलं, समोर फक्त गोलकीपर. ओसरी क्षणभर डॉक्टर विसरली. तेवढ्यात मागून एका उंच पोरीनं तिच्या पायावर अंग झोकून दिलं.

बुटकी पडली. या वेळी उठली नाही.

ओसरीवर एकच कल्ला झाला. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. "उठत नाही! उठत नाही!" म्हणत शेषराव या वयात दोन्ही पायांवर नाचले आणि हिंमतरावांच्या पाठीत थाप मारून ओरडले, "पाह्य आता! डोये फाडून पाह्य!" वंदना धावत टीव्हीपाशी गेली.

कडेच्या बाकावरून पेटी घेऊन कुणीतरी पळत निघालं. साठीचा, टक्कल पडलेला म्हातारा होता तो.

"हा कोन?" हिंमतरावांनी विचारलं.

"मोठा डाक्टर असन. काजल मागून येऊन राह्यली."

मागून कुणी आलं नाही. कॅमेरा पहिल्यांदाच जवळ सरकला. म्हाताऱ्यानं पोरीला उताणं केलं आणि बाटलीतलं पाणी तिच्या तोंडावर ओतलं. चिखल ओघळू लागला. मागची पोरं अजून टाळ्याच वाजवत होती.

टीव्हीभर काजलचा चेहरा होता, डोळे मिटलेला.