चार तासांची गोळी

"एवढीशी गोळी अन् तिला कुलूप?" कडुबानं काउंटरवर कोपर टेकलं. "मॅडम, आमच्या लग्नातल्या दागिन्याला बी येवढी राखण नव्हती."

गारखेड्यातल्या त्या मेडिकलची मालकीण स्वरदा मागचं लोखंडी कपाट उघडत होती. काउंटरच्या कडेला, फ्रिजला टेकून, प्लास्टिकच्या स्टुलावर लक्ष्मीबाई झोपली होती. कडुबाची बायको. आजारच तिचा तसा. बोलता बोलता, चालता चालता झोप यायची आणि तिला घेऊन जायची. कपाटातली गोळी घेतली की चार तास जागी. सकाळी दहा ते दोन; उशिरा घेतली तर रात्रीची झोप उडायची. त्या वेळी कडुबा वाळूजला कंपनीत. तो घरी यायचा तेव्हा ताट झाकलेलं आणि बायको भिंतीकडं तोंड करून.

"डॉक्टरांच्या दोन्ही चिठ्ठ्या द्या," स्वरदा म्हणाली. एक तिनं ठेवून घेतली, दुसरीवर शिक्का मारला.

"ह्याच औषधाची आठ तासांची बी येती म्हणं?"

"येते. हळूहळू विरघळते, म्हणून दिवसभर पुरते."

"मंग ती द्या की."

"डॉक्टरांनी ही लिहिलीय, काका. या कपाटातलं मला स्वतःच्या मनानं बदलून देता येत नाही. परवाना जाईल."

"अन् ती तुमच्या उघड्या फळीवरची? तिला तर एकच चिठ्ठी पुरती."

"ते औषधच वेगळं. काकूंना दिलं होतं ना? डोकं धरून बसायच्या."

कडुबानं आवाज खाली आणला. "लई नाय मागत, मॅडम. जेवताना समोर जागं माणूस पायजे. नुसतं बसलं तरी चालंल."

स्वरदानं गोळ्यांचं पाकीट त्याच्यापुढं सरकवलं. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली आणि कडुबाची कळी खुलली.

"काल तर कहरच! ही भाकर थापता थापता झोपली. हात चालूच! भाकर वाढत वाढत परातीबाहेर, खिडकीबाहेर, थेट शेजारच्या सोमनाथच्या ओट्यावर. त्यानं तिकडून अर्धी खाल्ली अन् वरून म्हणतो, मीठ कमी हाय!"

गिऱ्हाइकं हसली, आपलं सामान घेऊन गेली. लक्ष्मीबाई हलली नाही.

बाहेरून रिक्षावाला ओरडला, "चाचा, गाडी हटाव ना जरा!" कडुबा किल्ली घेऊन धावला.

लक्ष्मीबाईनं डोळे उघडले.

"बाई, त्यांना सांगू नका. डॉक्टर आठ तासांचीच लिहीत होते. मीच नको म्हणलं."

"अहो काकू, का? त्यांना किती एकटं वाटतं."

"मी जागी असले की ते बोलतच नाहीत." तिनं पदर सारखा केला. "रविवारी घरी असतात, तवा बघा. वाढ. पाणी दे. झालं. मी आडवी झाले, माझा डोळा लागला असं त्यांना वाटलं, की मग जवळ येऊन बसतात. कंपनीत कोण काय बोललं, गुडघा कुठं ठणकतो, रात्री आई सपनात आली... सगळं सांगतात. भाकरीचं बी मला आधीच सांगून झालंय."

"आणि तुम्ही ऐकता?"

"व्हय. मधीच खरी झोप लागली तर तेवढं हुकतं."

"मग एकदा डोळे उघडून सांगा ना त्यांना."

"अन् तेबी बंद झालं तर?"

पायऱ्यांवर चपला वाजल्या. लक्ष्मीबाईनं डोळे मिटले.

कडुबानं पाकीट खिशात घातलं. बायकोला हाक मारली नाही. स्टुलापाशी उकिडवा बसला. स्वरदा उगाच फळीवरच्या बाटल्या सारख्या करायला लागली.

"लक्षे," तो तिच्या कानाशी पुटपुटला, "पुढल्या महिन्यापासून येऊ नको म्हणलेत मला कंपनीत. तुला कसं सांगावं कळंना झालंय."

लक्ष्मीबाईच्या पापण्या थरथरल्या. तिनं त्या आणखी घट्ट दाबून धरल्या.